लहान जुन्या ट्रॅक्टराने भरलेली ट्रॉली ओढताना घ्यावयाची दक्षता

प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ साली पार पडला. त्या काळी फडातील ऊस बैलगाडीने कारखान्यावर जात असे. आज बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर आणि ट्रॉली आली असून उसाप्रमाणेच कांदा, कापूस, शेणखत, मुरूम, विटा अशी बहुतेक सर्व अवजड वाहतूक तिनेच होते. ज्यांना मोठा नवा ट्रॅक्टर घेणे परवडत नाही, असे अनेक शेतकरी स्वराज ७२४, एच. एम. टी. २५११, आयशर २४१ यांसारख्या सुमारे २५ अश्वशक्तीच्या जुन्या यंत्रांवर आपला संसार चालवितात. ही यंत्रे काटक आहेत. नीट निगा राखल्यास ती पुढेही पुष्कळ वर्षे सेवा देतील. परंतु नांगरटीत जे यंत्र भरवशाचे ठरते, ते सडकेवर भरलेल्या ट्रॉलीपुढे तेवढेच भरवशाचे ठरेल असे नाही. याचे कारण काय, आणि त्यावर उपाय कोणते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. ओढण्याची शक्ती आणि थांबविण्याची शक्ती

ट्रॅक्टर घेताना आपण त्याची अश्वशक्ती विचारतो. ती ओढण्याची शक्ती होय. खालच्या गिअरमध्ये लहान ट्रॅक्टरदेखील मोठे ओझे हळूहळू ओढून नेतो. त्यामुळे "ट्रॅक्टर ओढतो आहे, म्हणजे ओझे बेताचे आहे" असा समज होतो. हा समज घातक आहे. ओढलेले ओझे वेळेवर थांबविता आले पाहिजे, आणि थांबविण्याची शक्ती अश्वशक्तीवर अवलंबून नसते.

बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना केवळ मागील दोन चाकांवर ब्रेक असतात. साध्या ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतोच. म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचा सारा भार थांबविण्याचे काम मागील दोन टायर रस्त्याला जेवढे चिकटून राहतील, तेवढ्यावरच होते. ब्रेक कितीही उत्तम असला तरी टायर घसरू लागला की त्याचा उपयोग संपला. इंजिनाचा रोधही याच दोन चाकांतून रस्त्यापर्यंत पोहोचतो. त्यालाही हीच मर्यादा आहे.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचे वजन १,५०० किलो आहे. त्यापैकी १,००० किलो मागील चाकांवर आहे. रिकामी ट्रॉली १,५०० किलोची असून तीत ३,००० किलो ऊस भरला आहे. एकूण भार ६,००० किलो झाला. साधारण कोरड्या, पण धूळ असलेल्या सडकेवर टायरची पकड त्याच्यावरील भाराच्या निम्मी धरली, तर ब्रेकचा जास्तीत जास्त जोर ५०० किलो इतका मिळतो. चालकाला धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरून, सपाट रस्त्यावर थांबण्यास लागणारे अंतर पुढीलप्रमाणे येते :

ताशी २० किलोमीटर वेगाने :
रिकाम्या ट्रॉलीसह — सुमारे १५ मीटर
एका भरलेल्या ट्रॉलीसह — सुमारे २४ मीटर
दोन भरलेल्या ट्रॉल्यांसह — सुमारे ३९ मीटर

ताशी ३० किलोमीटर वेगाने :
रिकाम्या ट्रॉलीसह — सुमारे ३० मीटर
एका भरलेल्या ट्रॉलीसह — सुमारे ५१ मीटर
दोन भरलेल्या ट्रॉल्यांसह — सुमारे ८३ मीटर

हे आकडे ढोबळ आहेत. चाकांच्या फिरण्याला होणारा रस्त्याचा विरोध थोडे साहाय्य करतो. उलट ब्रेक दाबताच मागील चाकांवरील काही भार पुढे सरकतो आणि पकड कमी होते. ओल्या डांबरावर, वाळूवर अथवा सांडलेल्या पाचटावर अंतर याहूनही वाढते. तथापि दोन गोष्टी या आकड्यांवरून स्पष्ट होतात. पहिली, ओझे वाढले की त्याच प्रमाणात ब्रेक लागण्याचे अंतर वाढते. दुसरी, वेग दीडपट केला तर ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर दीडपट न राहता सव्वादोनपट होते. शाळेसमोरून किंवा वस्तीतून जाताना वेग कमी का ठेवावा, याचे उत्तर यातच आहे.

२. उताराची कसोटी

सपाटीवर जे अंतराने निभावते, ते उतारावर निभावत नाही. दर १२ मीटरला १ मीटर खाली जाणाऱ्या उतारावर ६,००० किलोचा भार ५०० किलोच्या जोराने खाली ओढला जातो. आपल्या उदाहरणातील ब्रेकचा जोरही तेवढाच, म्हणजे ५०० किलो आहे. याचा अर्थ असा की, अशा उतारावर पूर्ण ब्रेक दाबूनही वाहन थांबणार नाही. फार तर त्याचा वेग वाढणार नाही. उतार त्याहून थोडा जरी तीव्र असला, तरी चाके आवळलेली असतानाही वेग वाढतच जाईल. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या असतील तर २१ मीटरला १ मीटर एवढा सौम्य उतारही पुरेसा होतो. डोळ्यांना असा उतार जवळजवळ सपाटच भासतो.

म्हणून नेहमीच्या वाटेवरील उतार एकदा मोजून ठेवावा. याकरिता ३ मीटर लांबीचा सरळ बांबू किंवा फळी घ्यावी. तिचे एक टोक रस्त्यावर टेकवून दुसरे टोक उताराच्या बाजूस धरावे आणि गवंड्याच्या पाणसळीने ती समतल करावी. खालच्या बाजूच्या टोकापासून रस्त्यापर्यंतची उंची २५ सेंटिमीटर भरली, तर उतार १२ ला १ आहे. उंची १५ सेंटिमीटर भरली, तर तो २० ला १ आहे. हे काम दोन माणसे पाच मिनिटांत करू शकतात.

उतारावर आणखी एक संकट उद्भवते. ट्रॅक्टर मंदावतो, पण मागील ट्रॉली मंदावत नाही. ती ट्रॅक्टरला पुढे ढकलते. हा धक्का सरळ रेषेत असेल तोवर ठीक. परंतु वळणावर तो तिरका बसतो, ट्रॅक्टरचा मागील भाग बाजूस रेटला जातो आणि ट्रॅक्टर रस्त्यात आडवा होऊन ट्रॉलीखाली सापडतो. उतारावर बैल जू मागे रेटून गाडी धरून ठेवीत. ट्रॅक्टरला ती उपजत समज नाही. ती चालकानेच दाखविली पाहिजे. त्यासाठी पुढील नियम पाळावेत.

(अ) उतार सुरू होण्यापूर्वीच ट्रॅक्टर सावकाश करून खालचा गिअर टाकावा. जो उतार चढताना जो गिअर लागला असता, तोच उतरताना वापरावा.

(आ) उतारावर गिअर बदलू नये. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी घरंगळू देणे म्हणजे इंजिनाचा रोध स्वतःच्या हाताने तोडून टाकणे होय. डिझेलची जी बचत होते ती अत्यल्प, आणि तिची किंमत कधी कधी प्राणाने मोजावी लागते.

(इ) डाव्या व उजव्या ब्रेकचे पेडल सडकेवर येण्यापूर्वी खटक्याने एकत्र जोडावेत. वेगवेगळे ब्रेक शेतात वळण घेण्यासाठी आहेत. सडकेवर एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर क्षणार्धात फिरतो.

(ई) १२ ला १ अथवा त्याहून तीव्र उतार वाटेत असेल तर ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक असल्याशिवाय पूर्ण ओझे नेऊ नये. निम्मा माल घेऊन दोन खेपा कराव्यात, किंवा लांबची सपाट वाट धरावी.

३. ट्रॉलीला ब्रेक

थांबविण्याची शक्ती वाढविण्याचा खरा उपाय म्हणजे ओझे ज्या चाकांवर आहे त्याच चाकांना ब्रेक लावणे. ट्रॉलीच्या चाकांवर ३,००० ते ४,००० किलो भार असतो; त्या चाकांची पकड ट्रॅक्टरच्या पकडीहून कितीतरी अधिक असते, पण ब्रेकच्या अभावी ती वाया जाते. ब्रेकचे काही प्रकार ट्रॅक्टरच्या पेडलाबरोबर हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने चालतात. एक साधा प्रकार असा की, उतारावर ट्रॉली पुढे रेटू लागली की तिच्या दांड्याचा सरकता भाग मागे दाबला जातो आणि त्या दाबानेच तिचे ब्रेक लागतात. नवी ट्रॉली करवून घेताना रंगरंगोटीवर खर्च करण्याऐवजी या सोयीवर करावा. उभ्या ट्रॉलीसाठी हाताने आवळण्याचा ब्रेक आणि दोन लाकडी ठोकळे नेहमी जवळ असावेत.

४. चढ आणि ट्रॅक्टर उलटण्याचा धोका

फडातून सडकेवर चढण्याची वाट ही बहुतेक ठिकाणी अवघड जागा असते. १० ला १ अशा कच्च्या चढावर आपल्या उदाहरणातील ६,००० किलोच्या भारास चढासाठी ६०० किलो आणि भुसभुशीत वाटेच्या विरोधासाठी सुमारे ३०० किलो, असा एकूण ९०० किलोचा जोर लागतो. मोकळ्या मातीत मागील चाकांची पकड मात्र ५०० ते ६०० किलोच मिळते. चाके जागीच फिरतात, खड्डा पडतो आणि चालक चिडून अधिक रेस देतो. येथेच अपघाताचा जन्म होतो.

ट्रॅक्टरचे पुढील तोंड उचलले जाण्याचे गणित सोपे आहे. पुढील चाकांवर ५०० किलो भार असून पुढील व मागील चाकांत १·८ मीटर अंतर असेल, तर तोंड खाली धरणारे बळ ५०० × १·८ = ९०० येते. ट्रॉली ड्रॉबारला जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर जोडली असून १,००० किलोची ओढ पडली, तर तोंड उचलणारे बळ १,००० × ०·४ = ४०० होते. म्हणजे पुरेशी शिल्लक राहते. परंतु तीच साखळी वरच्या लिंकच्या जागी, जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर बांधली, तर हे बळ १,००० × ०·९ = ९०० होऊन पुढील चाके अधांतरी होतात. त्यानंतर ट्रॅक्टर पाठीवर उलटण्यास एक-दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात उडी मारणे माणसाच्या आवाक्यात नसते. सबब ओढ नेहमी ड्रॉबारलाच द्यावी. मागील आसाला, वरच्या लिंकला किंवा आसनाखालच्या भागाला साखळी कधीही बांधू नये.

चढावर पहिला गिअर घालून क्लच हळूहळू सोडावा. तोंड हलके झाल्याचे जाणवताच क्लच दाबावा आणि लगेच ब्रेक धरावा. ट्रॅक्टर रुतल्यास चाकांना लाकडे बांधून पुढे रेटण्याचा हट्ट करू नये. चाक अडकले की यंत्र स्वतःभोवती फिरून उलटते. आधी माल उतरवावा, नंतर ट्रॅक्टर मागे घ्यावा.

याहून चांगला उपाय म्हणजे वाट सुधारणे. सडक शेतापेक्षा १ मीटर उंच असेल तर १० मीटरऐवजी २० मीटर लांबीची चढण बांधावी आणि तिच्यावर मुरूम दाबून बसवावा. त्यामुळे चढासाठी लागणारा जोर ६०० वरून ३०० किलोवर येतो, वाटेचा विरोधही कमी होतो आणि टायरची पकड वाढते. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी एकत्र येऊन दोन दिवस श्रमदान केले, तर हे काम कित्येक हंगाम टिकते.

५. भार भरण्याची पद्धत

आपल्या वाडवडिलांना गाडी उलार आणि धुरजड यांतील भेद पुरता ठाऊक होता. मागे जास्त भरलेली गाडी उलार होऊन जू वर उचलते. पुढे जास्त भरलेली धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. दोन चाकी ट्रॉलीला हाच नियम लागू आहे. उलार ट्रॉली ट्रॅक्टरची मागील चाके वर उचलते. त्यामुळे ओढण्याची आणि थांबविण्याची, अशी दोन्ही प्रकारची पकड जाते. शिवाय अशी ट्रॉली सडकेवर डावी-उजवीकडे हेलकावे खाते. फार धुरजड ट्रॉली ट्रॅक्टरचे तोंड हलके करते. मग स्टिअरिंग फिरविले तरी पुढील चाके वळत नाहीत. म्हणून माल आसाच्या दोन्ही बाजूंस सारखा भरून थोडा अधिक भार पुढील बाजूस ठेवावा. चारचाकी ट्रॉलीत भार सर्वत्र सारखा असावा.

उंचीकडेही लक्ष द्यावे. उसाच्या मोळ्या जितक्या उंच, तितकी वळणावर व साइडपट्टीच्या खड्ड्यात कलंडण्याची भीती अधिक. जड माल तळाशी, हलका वर, आणि सर्व दोराने घट्ट बांधलेला असावा. बाजूला बाहेर आलेला ऊस समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर येतो, हे विसरू नये.

जुन्या लहान ट्रॅक्टरामागे दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडण्याची प्रथा खेपा वाचविण्यासाठी पडली आहे. वरील आकडे पाहिल्यावर तिचे समर्थन करता येत नाही. २५ अश्वशक्तीच्या यंत्रामागे एकच ट्रॉली, आणि तीही बेताने भरलेली, हाच नियम हिताचा आहे.

६. जोडणी आणि तपासणी

जुन्या यंत्राची झीज एका दिवसात होत नाही. म्हणूनच ती डोळ्यांना दिसत नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी पुढील गोष्टी जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात.

ड्रॉबारचे भोक व ट्रॉलीची कडी झिजून लंबगोल झाली आहे काय? वेल्डिंगला तडे गेले आहेत काय? पिन योग्य जाडीची असून तिच्या खाली अडकण्याची खीळ आहे काय? पिनेच्या जागी लोखंडी गज किंवा पहारीचा तुकडा घालणे सर्वथा वर्ज्य समजावे. पिन तुटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून मजबूत साखळी स्वतंत्रपणे जोडावी. वळणास पुरेल एवढीच ढील तिला द्यावी.

दोन्ही ब्रेक एकाच वेळी व सारखे लागतात काय? मोकळ्या मैदानात सावकाश चालवून ब्रेक दाबावा. ट्रॅक्टर एका बाजूस ओढला गेला तर ब्रेक जुळवून घ्यावेत. स्टिअरिंगला वाजवीपेक्षा अधिक ढील आहे काय? पुढील चाकांच्या किंगपिन व बेअरिंग झिजले आहेत काय? ट्रॉलीचे टायर, चाकांचे नट, पाटे आणि बेअरिंग ठीक आहेत काय?

नवख्या माणसाने ट्रॅक्टर मागे घेत असताना जोडणीसाठी मध्ये उभे राहू नये. ट्रॅक्टर पूर्ण थांबल्यावर, ट्रॉलीच्या चाकांना ठोकळे लावून, मगच पिन घालावी.

आपला ट्रॅक्टर किती ओढू शकतो याची माहिती त्याच्या पुस्तिकेत असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत १९५५ पासून यंत्रांविषयी प्रशिक्षणाचे कार्य चालू असून तेथे ट्रॅक्टरांच्या चाचण्याही होतात. चाचणीच्या अहवालात ओढशक्ती व वजन नमूद असते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी माहिती आपल्या गावातील यंत्रांपुरती वहीत उतरवून ठेवावी.

७. रात्रीची वाहतूक

अंधारात उभी असलेली, दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या वाहनास शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ट्रॉलीच्या मागे तांबडे आणि बाजूंस पिवळे परावर्तक बसवावेत. उसाची पाने त्यांवर लोंबत असतील तर ती छाटावीत. धूळ व चिखल रोज पुसावा. मागील दिव्याची वायर जोडलेली असावी. बिघाड झाल्यास ट्रॉली सडकेच्या पूर्ण बाजूस घ्यावी, आणि मागे पुरेशा अंतरावर सूचनेचा त्रिकोण ठेवावा. चाकाखाली लावलेले दगड निघताना रस्त्यात सोडून जाणे हा दुसऱ्याच्या जीवाशी खेळ आहे.

८. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत

ट्रॅक्टरचे आसन एका चालकासाठी असते. मडगार्डवर, ड्रॉबारवर किंवा उसाच्या मोळ्यांवर बसलेल्या माणसास धरण्यास काही नसते. नांदेड जिल्ह्यात एप्रिल २०२५ मध्ये शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळून सात महिलांचा अंत झाला. त्या सकाळी कामावर निघाल्या होत्या. मजुरांना शेतावर नेण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने त्यांच्यासाठी प्रवासी वाहनाची व्यवस्था करावी. कठडा नसलेल्या विहिरी, नाले आणि कालव्याचे काठ यांपासून वाट दूर ठेवावी, आणि जेथे ते शक्य नाही तेथे दगडांचा बांध घालून चुन्याने रंगवावा.

चालकाच्या रक्षणासाठी आसनावर पोलादी चौकट बसविता येते. स्वीडन देशाने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली, आणि तेथे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली चिरडून होणारे मृत्यू पुढे फार कमी झाले. चौकट असल्यास आसनपट्टा अवश्य बांधावा. चौकट नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर मात्र तो बांधू नये.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गळीत हंगामापूर्वी गावात एक सकाळ या विषयासाठी राखून ठेवावी. रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर चुन्याची रेघ मारावी. बघ्यांना रस्त्यापासून दूर उभे करावे. रिकाम्या ट्रॉलीसह सावकाश वेगाने येऊन रेघेवर ब्रेक दाबण्यास सांगावे व अंतर मोजावे. नंतर निम्मा माल भरून त्याच वेगाने पुन्हा मोजावे. तासभर व्याख्यान देऊन जे पटत नाही, ते टेपवरील दोन आकड्यांनी पटते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ट्रॅक्टर ओझे सहज ओढतो, तरी ते ओझे सुरक्षित आहे असे का म्हणता येत नाही?
२. आपल्या गावातून कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेवरील सर्वांत तीव्र उतार किती आहे? तेथे किती माल न्यावा?
३. साखळी ड्रॉबारऐवजी वरच्या लिंकला बांधल्यास काय घडते, हे आकडे मांडून दाखवा.
४. उलार व धुरजड ट्रॉलीचे ट्रॅक्टरवर होणारे परिणाम सांगा.
५. आपल्या शिवारातील कोणत्या विहिरी व नाले ट्रॉलीच्या वाटेला लागून आहेत, त्यांची यादी करा.

एक खेप वाढली तर थोडे डिझेल जाते आणि तासाभराचा वेळ जातो. एवढ्या मोलात चालक, मजूर आणि वाटसरू सुखरूप घरी परततात. हा हिशेब प्रत्येक शेतकरी बंधूने ट्रॉली भरण्यापूर्वी मनाशी मांडावा.